कपाटावरचं विमान

शनिवार, ६ बहमन
शी! कपाटावर हात घातला तर बोटभर धूळ, आणि त्यात मेलेली पाल. पालीखाली परनियानचं विमान. अर्धवट. नात शिराझला शिकायला गेली त्याला दीड वर्ष झालं. फोन केला तर म्हणते, नने, फेकून दे ते. फेकून दे! फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचा पंख पोरीनं किती निगुतीनं कापलाय. मोटर आहे, बॅटरी आहे. हल्लीच्या मुलांना सगळं टाकायचंच असतं, मला किळस येते त्याची.
ठरवलं. फरवर्दिनात नवं वर्ष लागतं, त्या नवरोजला ती घरी येईल तेव्हा हे वर उडताना दिसलं पाहिजे. तिला सांगायचं नाही.

सोमवार, ८ बहमन
दुसरा पंख कलिंगड कापायच्या सुरीनं कापला. आत कबाबच्या काड्या घातल्या, म्हणजे वाकायचा नाही. मग नवऱ्याचा, हबीबचा, चपला चिकटवायचा गोंद लावला — थर्माकोल वितळलं! शेंबडासारखं ओघळलं. घरभर घाण वास. हबीब नाक धरून म्हणाला, म्हातारपणी पायलट होणारेस, तर आधी चहा तरी टाकून जा. पंख पुन्हा कापला. आता नुसती चिकटपट्टी.

शुक्रवार, १२ बहमन
आमच्या मेबदच्या बाहेरच्या सपाट माळावर हौशी लोक विमानं उडवतात, तिथं गेले. सात पुरुष. सूर्यफुलाच्या बिया फोडतात आणि सालं थुंकतात, माळभर ओला कचरा. विमानं मात्र दुबईची, चकचकीत. माझं बघून एकानं विचारलं, मासे याच खोक्यात आले होते का? मी म्हटलं, नाही, तुझ्या सासूचा फ्रिज.
त्यातला आगा सियामक बरा. वीस वर्षं जर्मनीत राहून आलाय. त्यानं पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं. शेपूट खाली गेलं. नाकात वजन हवं म्हणाला. मी पर्समधली जुन्या कुलपाची किल्ली काढून नाकात कोंबली, आणि तोललं की! मग त्यानं रिमोट विचारला. रिमोट कुठला? नवा घ्यायचा तर हबीबची दोन महिन्यांची पेन्शन जाईल. त्यानं गाडीतून स्वतःचा जुना आणला. घ्या, म्हणाला, पडूनच आहे. मी म्हटलं, नको, असं कसं. घ्या हो. नको हो. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, तुमच्याच हातात शोभतो.
तर बरं म्हणून त्यानं तो पिशवीत टाकला! आणि गेला!

शनिवार, १३ बहमन
अंग जळतंय. चौथ्यांदा विचारायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं! खाटीक रोज म्हणतो, पैसे राहू द्या. म्हणून कुणी फुकट मटण घेऊन घरी येतं का? जर्मनीनं याची रीतभात धुऊन टाकली. वीट आला मला त्याचा.
आणि माझा. हात पुढे केला असता तर झडला असता का?

बुधवार, १७ बहमन
भाजी निवडताना डोळ्यांपुढे रिमोटच.

शुक्रवार, १९ बहमन
हबीब म्हणाला, जा आणि माग. मागू? जन्मात काही मागितलं नाही मी. सासरी पहिलं वर्ष अर्धपोटी काढलं, कारण सासूबाई दोनदाच आग्रह करायच्या.
निमित्त हवं म्हणून बदामाचे कोताब तळून नेले. आगा सियामकनं तीन खाल्ले. दाढीत सगळी पिठीसाखर, बघवेना. चौथा उचलला तेव्हा बोलले.
"मला तो रिमोट हवाय. त्या दिवशीही हवाच होता."
त्याचं चावणं थांबलं. "मग नाही कशाला म्हणालात, मादर?"
"तुम्ही तीनदाच विचारलंत म्हणून."
तो हसत सुटला, खोकला, साखर माझ्या चादोरवर उडवली. पण रिमोट दिला. मी लगेच पोटाशी धरला.

शुक्रवार, ३ एस्फंद
अकरा सेकंद. मग नाक जमिनीत. तोंडात माती, मागे पुरुषांची खीखी. माकडं मेली!
अडचण अशी की विमान आपल्याकडे यायला लागलं की डावं उजवं होतं. सियामक म्हणतो, हे हातात बसायला महिने लागतात. मी लहानपणापासून वडिलांच्या मागावर झिलू, म्हणजे सुती सतरंज्या, विणल्या. एका बाजूला निळं तिथं दुसऱ्या बाजूला पांढरं, उलटं आतल्या आत बघायची सवय. मला महिने नाही लागायचे.

शुक्रवार, १७ एस्फंद
सात मिनिटं! दोन फेऱ्या, आणि पोटावर अलगद उतरलं. बिया थुंकणाऱ्यांच्या बिया हातातच राहिल्या. हबीब थर्मास घेऊन आला होता. तोंड उघडं टाकून बघत राहिला, चहा त्याच्याच पायावर सांडला. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काही बोलला नाही. मला हसू आवरेना. सगळी माती, थुंकी, गोंदाचा वास — वसूल.

रविवार, ३ फरवर्दिन
परनियान आली. उडवून दाखवलं. रडली, गळ्यात पडली. मग म्हणाली, "नने, हे शिराझला घेऊन जाऊ ना मी?"
"नाही," मी म्हटलं. "हे माझं आहे."