भादव्यातला आंबेमोहोर

आत्याबाई,

गेलेल्या सासूला कोणी चिठ्ठी लिहितं का? पण मला दुसरं काही सुचून न्हाई राह्यलं. गेल्या आठवड्यात तुमचं पहिलं पित्तर झालं, आन् कावळ्यानं पानाला चोच लावली न्हाई.

वडे, कढी, खीर, सगळं बराबर केल्तं. भातासाठी तुमच्या लेकानं भोकरदनहून भारीतली बासमती आणली. "नावातच वास हाय, आईला आवडंल," म्हणले. पान पत्र्यावर ठेवलं. लिंबावर कावळे बसून होते, एकबी उतरला न्हाई!

कुठलं तुमचं मावळ आन् कुठलं आमचं पिंपळगाव! इथं ज्वारीच्या मुलखात भात सणावारालाच. बांधावरचा आंबा मोहोरला की तुम्ही त्याच्याखाली थांबून म्हणायच्या, "माझ्या मायच्या घरी भात शिजून राह्यला." मी हसायचे. मंग एकदा तुम्हीच सांगितलं, तुमच्याकडचा तांदूळ चुलीवर रटरटला की मोहोराचा वास सुटतो, म्हणून त्याचं नाव आंबेमोहोर. इतक्या वर्षांत एकदाबी मागितला न्हाई तुम्ही. का हो? आम्ही न्हाई म्हणलो असतो का?

पित्तर झालं त्या दिवसापासून घरात मोहोराचा वास येऊन राह्यला. भादव्यात! झाडाला नुसती पानं. भरदुपारी चूल थंड असते तव्हा तर जास्तच.

आन् आपली राणी, तुमची लाडकी नात, त्या दिवसापासून जेवत न्हाई. थंड चुलीपुढं ताट घेऊन बसते. मी म्हणलं, "चल गं, भाकर खा."

"पोट भरलं. आजीनं भात दिल्ता."

मी खेकसले तिच्यावर. मंग तिच्या हनुवटीला शीत दिसलं. बोटानं काढलं, तर ऊन होतं! आत्याबाई, घरात तांदळाचा दाणा न्हाई. उरलेली बासमती यांनी गाईला घातली.

तुमचा तिच्यावर किती जीव होता, मला का ठाऊक न्हाई? पण पोरगी वाळून चालली हो. डोळे खोल गेले, तरी एकटीच हसून राह्यली. मला लई भ्या वाटतं.

उद्याच यांना तुमच्या माहेरी धाडते. तिथलाच आंबेमोहोर येईल. सर्वपित्री आवसेला तुमच्याच चुलीवर शिजवीन, आन् मी हाय तोवर दरसाल शिजवीन. हा माझा शबूद.

तोवर तिला हाक मारू नका. जेवताना सोबत पाहिजेच असंल, तर त्या ताटावर मला बसवा. पोरीला उठू द्या.

तुमची सून,
शोभा