वाऱ्याआधीचे टाके

दि. ३

चि. बारक्यास अ. उ. आ.

दोन आठवडे झाले, तुझी चिठ्ठी नाही. काकांकडे पोट भरतंय, मग आमची आठवण कशाला येईल? मुख्य कारागीर म्हणून बाबांनी माझं नाव पुढे केलं, तो राग अजून नाकावर आहे ना? मी काही मागायला गेले नव्हते.

आपण दोघांनी शाकारलेलं बालवाडीचं छप्पर देखणं झालंय. गवत अगदी विंचरल्यासारखं बसलंय. सोमवारपासून बाई तीस मुलांना तिथे बसवतील. बाबांचे गुडघे तसेच.

लोभ वाढवायची घाई नाही, आहे तेवढा टिकव.

तुझी ताई

दि. ७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात न टाकता तिकडे निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय. परवा मोठा वारा सुटणार असं रेडिओवर सांगितलंय. आधी मुलांना घरी पाठव, मग पुढचं वाच.

पूर्वेच्या कोपऱ्यातले तीन टाके मी वाशाला घातलेच नाहीत. तू वरून दाभण खुपसलंस, मी आतून ते वाशाला वळसा न देता तसंच गवतातून परत दिलं. वरून ओढताना तुला कळणार नाही हे मला माहीत होतं. त्याच सकाळी बाबांनी तुझं नाव घेतलं होतं. तू पडावीस असं मनात नव्हतं, पण काय होतं तेही सांगता येत नाही.

मला हवं ते बोल, पण ते टाके घाल.

तुझा, म्हणवून घ्यायची लाज वाटणारा भाऊ

दि. १०

चि. बारक्यास आशीर्वाद, आज मनापासून.

छप्पर जागेवर आहे. मुलं आदल्या दिवशीच घरी पाठवली. बाईंना खरं कारण सांगितलं. असले कारागीर पुन्हा नकोत, असं त्या तोंडावर म्हणाल्या.

पत्र वाचलं तेव्हा समोर असतास तर दाभण तुलाच टोचलं असतं. बाबा म्हणाले, आत मी उभा राहतो, आणि कण्हत स्टुलावर चढले. वारा सुरू झाला होता. कोपऱ्यातलं गवत माझ्या हाताखाली फुगत होतं. तिन्ही टाके घातले आणि तुझ्या नावाने बोटं मोडत आढ्यापर्यंत सरकले. तिथे आणखी दोन टाके मोकळे. गाठच नाही.

ते माझे. त्या दिवशी सुंभ संपलं होतं आणि आतून मागायचं तर तुला हाक मारावी लागली असती. आपलं बोलणं बंद होतं. म्हणून टोकं गवतात खोचून उतरले, नंतर बांधू म्हटलं आणि विसरले. वाऱ्याने आधी आढंच उचललं असतं.

बाबांना वाटलं पाचही तुझेच. ते खालून तुला शिव्या घालत होते आणि मी वर गप्प ऐकत होते. उतरल्यावर सगळं सांगितलं. मग बाबा म्हणाले, आता मुख्य कारागीर कुणीच नाही. बारक्याला बोलाव, वर कोण आणि आत कोण ते रोज बदलेल, पहिल्या दिवशी तू आत.

मी इतकी वर्षं वरच होते. आतलं काम मला येत नाही रे. शिकवायला तूच लागशील.

राग असला तरी तो घेऊन ये.

तुझी ताई