दुसऱ्या प्रयोगाला

९ मार्च

डोलकाठीशी आज पुन्हा वाजलं. म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक. हातात काठी आणि स्वतःच डोलतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. म्हणे नायिकेने तोंड त्याच्याकडेच ठेवून गायचं. मग मला दिग्दर्शनाला कशाला बोलावलंत? बाहुल्या मांडा की ओळीने! उभी हयात देशोदेशीच्या ऑपेरा-घरांत हेच ऐकण्यात गेली. नायिका आम्हा दोघांनाही हो म्हणाली आणि उभी राहिली ती तिसरीकडेच.

११ मार्च

ताईचा फोन. माझी लेक येणार आहे!

आजवर तिने माझं एकही काम पाहिलेलं नाही. आधी तिची शाळा आडवी यायची, पुढे पुढे ती स्वतःच आडवी यायला लागली. वाढली ताईकडे, त्यामुळे आईला काही कळवायचं तरी मावशीमार्फत. आत्ताही तेच. पहिल्या प्रयोगाला नको म्हणते, दुसऱ्याला येईन. का, ते ताईने सांगितलंच. "पहिल्या दिवशी आई कुणाला ओळखत नाही, असं म्हणाली."

हे गाळून नसतं का सांगता आलं? पण ताई पडली सत्यवचनी. सगळे म्हणतात, केवढं मन तिचं! एका जागी बसायला मिळालं की मनं मोठी होतात. मला नाही मिळालं.

१२ मार्च

आमच्या धंद्यात दिग्दर्शकाचं काम पहिल्या प्रयोगाला संपतं. शेवटी एकदा मंचावर जायचं, टाळ्या की हुर्यो, जे पदरात पडेल ते घ्यायचं आणि सकाळी पुढच्या शहराचं विमान गाठायचं. स्वतःच्या नाटकाचा दुसरा प्रयोग मी कधी पाहिलेलाच नाही. या वेळी पाहणार. पुढच्या ऑपेरा-घराचे लोक भडकले. माझा सहायक आधी पाठवते म्हटलं, तेव्हा कुठे नमले.

तिसऱ्या रांगेत लेकीच्या शेजारची खुर्ची माझी. तसं तिला कळवलं. उत्तर आलं — "बघू."

माझाच शब्द! नटांना टोलवायला मी हाच वापरते.

१५ मार्च

हुर्यो. वरच्या सज्जातून, मनसोक्त. साहेब — इथले व्यवस्थापक — माझा हात धरून हसत उभे होते आणि दातांतून म्हणत होते, वाका, वाका, संपेल. डोलकाठीला मात्र उभं राहून टाळ्या. करतो कोण आणि मिरवतो कोण! पूर्वी हुर्योने चेव यायचा. काल नुसते पाय दुखले.

सकाळी सहायक गेला. मी राहिले.

१७ मार्च, दुपार

दुष्काळात तेरावा महिना. नायिकेचा घसा बसला. आज दुसरा प्रयोग, आणि बाईंच्या तोंडून हवासुद्धा फुटत नाही.

दुसरी गायिका विमानाने येते आहे. तिला गाणी येतात, पण आमच्या हालचाली तिला काय ठाऊक! अशा वेळी करतात तेच करायचं ठरलं. ती मंचाच्या कडेला उभी राहून गाणार आणि मधे कुणीतरी नायिकेचा पोशाख घालून, नुसते ओठ हलवत, सगळी भूमिका चालून दाखवणार. हे काम सहायकाचं. तो पुढच्या शहरात! खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

या वयात, युद्धातून पळालेल्या पोराला दडवून ठेवणारी तरणी परटीण! पण पाऊल न् पाऊल मीच बसवलेलं. हो म्हटलं. अट एकच — सुरुवातीच्या घोषणेत माझं नाव घ्यायचं नाही. साहेबांना वाटलं, हुर्योची भीती. वाटू दे.

लेकीचा फोन बंद, प्रवासात असेल. दारावरच्या माणसाकडे निरोप ठेवता आला असता. नाही ठेवला. आपली आई मंचावर आहे हे पोटच्या पोरीला चिठ्ठी पाठवून सांगायचं? बघेल की. कळेल तिला.

१८ मार्च

रंगभूषावाल्या बाईने माझा चेहरा पुसून नवाच काढला. वर लाल केसांचा टोप, त्यावर फडकं. पहिल्या अंकात कपड्यांची पाटी उचलताना कमरेत कळ आली. पण पुढे काय झालं कोण जाणे — हात आपोआप चालायला लागले. पोराला चादरीखाली लपवते तिथे प्रेक्षागृह चिडीचूप. डोलकाठी चक्क माझ्याकडे बघून वाजवून घेत होता!

मंचाच्या कडेला आले की पुढच्या रांगा दिसायच्या. लेक दिसली. केस कापलेत. शेजारच्या खुर्चीवर स्वतःचा कोट ठेवलेला. पुढे वाकून बघत होती, माझ्याकडेच. पडदा पडायच्या आधी रुमाल काढला तिने. मी पाहिलं. देशोदेशीच्या टाळ्या एकीकडे आणि तो रुमाल एकीकडे. मी सुखी झाले, हे लिहायला लाज कसली!

मागच्या दाराशी थांबले. आली नाही. रात्रीची गाडी पकडायची असेल. फोन करावासा वाटला, नाही केला. पहिला शब्द तिचा असू दे.

१९ मार्च

ताईचा फोन. लेक घरी पोचली. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, आई याही वेळी नव्हतीच. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी." मग जेवताना म्हणाली, "ती न गाणारी बाई मात्र बघत राहावी अशी होती, माझे तर डोळे भरून आले."

ताईने विचारलं, "कोण गं होती ती?"

बदलीची, म्हटलं.