कैया नदीपलीकडच्या मास्तरांना शेड

मी, झुल्मिरा फाल्काटो, रुळांचे सांधे ओतणारी व ओतायला शिकवणारी, राहणार एल्वास, पोर्तुगाल, हे लिहिते तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात तेवढे थरथरतात. पण लेखणी म्हणजे काही पोलादाची मूस नव्हे. मला कोणी धाक घातलेला नाही. भाचा गॅस्पार याने लाडीगोडी भरपूर लावली. तिला कायद्यात कलम नाही.

१. राहते घर गॅस्पारला. वेल्डरांच्या प्रशिक्षणाच्या युरोपीय सुसूत्रीकरणाचे सर्व जाडजूड खंडही त्यालाच. त्याला मेणबत्ती धड पेटवता येत नाही, पण खंड वाचून तो समितीवर जाण्यास पात्र ठरेल. मीही त्या समितीवर होते. कॉफीच्या सुट्टीवर पहिल्याच बैठकीत एकमत झाले. 'सांधा' कशाला म्हणावे, यावर मात्र ब्रह्माच्या व्याख्येला लागला नसेल इतका खल झाला.

२. प्रशिक्षणाची शेड, मुशी, साचे. यांवर गॅस्पारचा डोळा आहे.

"आत्या, शेडचं हॉटेल करू, रुळांवर पलंग टाकू! पर्यटक उड्या मारतील."

"आणि शिकणारी माणसं?"

"ती ऑनलाइन शिकतील की."

वितळलेले पोलाद ऑनलाइन ओतता येत असेल, तर आधी त्याने त्या मार्गाने वाटीत सूप ओतून दाखवावे.

सबब शेड ओनोरियो तेना, राहणार बादाखोस, स्पेन, यांना. हे तिकडचे वेल्डिंगचे मास्तर, माझे जुने वैरी. दोन्ही देशांच्या पहिल्या संयुक्त परीक्षेत त्यांनी माझ्या सांध्यावर वाकून उद्गार काढला, "एक्स्किसितो!" आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'विचित्र'. मी म्हटले, "विचित्र तुमचं थोबाड!" पुढे कित्येक वर्षे अबोला. समितीत शब्दसूची करताना दुभाष्याने सांगितले, की स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'अप्रतिम'. शब्द एकाच लॅटिन आईची लेकरे. एक सासरी जाऊन बिघडले. कोणते, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

पूर्वी सीमेवरची कैया नदी ओलांडली की त्यांचे प्रमाणपत्र रद्दी होई. आता ते इथेही चालते. समितीच्या पदरात एवढे पुण्य टाकते.

३. वरील कलम लिहून त्यांना फोन केला.

"तेनासाहेब, माझ्यामागे शेड तुमची."

"बाई, तुम्ही जाणार कधी?"

"घाई आहे?"

"मला नाही, शेडला आहे. तुमचे हात चालेनात. महिनाअखेर वर्गावर मास्तर नसला तर मान्यता जाईल. मग मी काय, गॅस्पारच्या पलंगांना वेल्डिंग शिकवू?"

मेला मेल्यासारखा बोलतो, पण खोटे बोलत नाही. माझ्या मरणाची वाट पाहिली, तर शेड माझ्याआधी जाईल. म्हणून आज सकाळीच नोटरीकडे रीतसर दानपत्र केले. कलम दोन रद्द समजावे. पुढच्या सोमवारी वर्ग ते घेतील. मी खुर्चीत बसून चुका काढीन.

गॅस्पारने हरकत घेतली, की साक्षीदार म्हणून तेनांची सही चालणार नाही, ते लाभार्थी आहेत. होते. या मृत्युपत्रातून आता त्यांना काहीही मिळत नाही. माझी बोलणीसुद्धा ते हयातीतच खाणार आहेत.

स्थळ : एल्वास. तारीख : १४ ऑक्टोबर २०२४.

सही : झुल्मिरा फाल्काटो

साक्षीदार १ : फेलिस्बेला मोउराटो, स्टेशनवरील उपाहारगृहाच्या मालकीण
साक्षीदार २ : ओनोरियो तेना, वेल्डिंग प्रशिक्षक, आता एल्वास