ओढ्याजवळचा बुंधा

जॉर्जिया,
१४ एप्रिल १९८७

लोरीनताई,

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा तसाच, कुरकुरतोय. तुला झोप लागते का, हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो.

रानाची खबर बरी आहे. जानेवारीत मी मुद्दाम जाळलं तिथं गवत हिरवंगार फुटलंय. पाइनची रोपं, जी तू लहानपणी गवत समजून उपटायचीस आणि आबांचा मार खायचीस, त्यांच्या सुया करपल्या, पण मधला पांढरा कोंब शाबूत आहे. कासवांच्या बिळांत दडलेले साप-बेडूकही वाचले. सुतारपक्ष्यांनी जुन्या झाडात अंडी घातलीत. ढोलीभोवती टोचून टोचून त्यांनी असा चीक गाळलाय की सापाची वर चढायची छाती होत नाही. आबा म्हणायचे, हे रान आगीवरच जगतं, जाळलं नाही तर मरेल.

बघ, एवढं लिहिलं तरी मी अजून पक्ष्यांतच घुटमळतोय.

ताई, आबांचा दुसरा नियमही तुला ठाऊक आहे. जाळून झालं की रस्त्याकडेचा प्रत्येक बुंधा हातानं चाचपल्याशिवाय घरी यायचं नाही. तोडलेल्या पाइनचा राळेनं भरलेला बुंधा आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसतो. जानेवारीत जाळलं त्या संध्याकाळी ओढ्याजवळच्या बुंध्याला हात लावला, तर कोमट होता. पाण्याचे डबे लांब गाडीत, गुडघा ठणकत होता. म्हटलं, मरू दे, सकाळी बघू.

पहाटे धुकं उतरलं आणि त्यात त्या बुंध्याचा धूर मिसळला. तुझा डेल आणि त्याचा दोस्त क्ले माझ्याकडेच न्याहारीला येत होते. क्लेची गाडी लाकडांच्या ट्रकखाली घुसली. क्ले वाचला, डेल जागीच गेला. सायरन ऐकून मी धावलो तो तुझ्या लेकाकडे नाही, ताई. बुंध्याकडे. चार डबे पाणी ओतलं, वर माती लोटली आणि मग रस्त्यावर गेलो. पोलिसानं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "धुकं होतं, काका. देवाची मर्जी." मी मान डोलावली.

क्ले पहिल्या दिवसापासून सांगतोय की समोर एकदम पांढरं झालं आणि राळ जळल्याचा वास आला. आदल्या दिवशी बिअर प्यायला होता, म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. सोमवारी कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष देणार, त्याला आत घालूनच थांबणार, असं तू लिहितेस. त्याचा काही दोष नाही. तुझा डेल माझ्यामुळे गेला.

हे पत्र फाडू नकोस, क्लेच्या वकिलाला दे. सोमवारी मीही तिथं येतोय. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आजवर तुला लिहिताना खाली नुसतं 'बारक्या' लिहीत आलो. कोर्टाला पूर्ण नाव लागतं.

एमरी लमार थिगपेन