ताईला निरोप

२ मार्च

ती. आत्यास पोपटाचा शि. सा. न.

वि. वि. अशी की, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन सतरा तारखेला ठरलंय. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून आम्ही सगळे घाबरलोय. बाबा तेवढे पेपरातलं कोडं सोडवत बसलेत.

निवृत्तीच्या भाषणात ते साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून बसले आणि आईमागे त्यांना ज्या ताईनं वाढवलं, ती तूच नेमकी राहिलीस. त्याबद्दल त्यांनी मनःपूर्वक खेद व्यक्त केला असून तुझ्या आगमनाची ते उत्कंठेने वाट पाहत आहेत. दोन वर्षांचा अबोला खूप झाला. ये.

माझ्यावरचा लोभ थोडा बाबांकडेही वळवावा,

पोपट

७ मार्च

चि. पोपटास अनेक आशीर्वाद.

दूतावासात दुभाष्याची नोकरी करतोस, ती घरातही सुरू केलीस का? खेद गाडी लेट झाली की स्टेशनवर व्यक्त करतात. माझ्या भावानं जन्मात कशाची उत्कंठेनं वाट पाहिलेली नाही. इतका गुळगुळीत निरोप आला म्हणजे त्याला मी नकोच आहे, तूच पदरचं घालतोयस. मी येणार नाही.

नीट जेवतो का तो? मला काय करायचंय म्हणा, सहज विचारलं.

रागावले तरी तुझीच,

आत्या

१० मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

चोरी पकडलीस. ऑफिसात दोन साहेब एकमेकांवर खेकसले की मी मधे बसून त्याची 'मोकळेपणाने चर्चा' करून देतो आणि दोघं हात मिळवतात. तीच खोड इथे नडली.

खरं सांगतो, मी तीन दिवस बाबांच्या मागे लागलो होतो. कोड्यातून मान वर न करता ते एवढंच म्हणाले की, ताईला यायचं तर यावं, नाहीतर राहिलं. हे तुला कुठल्या तोंडानं कळवणार होतो?

माया पातळ होऊ देऊ नकोस,

पोपट

१३ मार्च

चि. पोपटास आशीर्वाद.

गाढवा, हे आधी लिहायला काय झालं होतं? शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी तो मला हेच म्हणाला होता की, थांबायचं तर थांब, नाहीतर राहिलं. आणि माझा हात काही सोडेना. शाळा सुटेपर्यंत मी बाहेर पायरीवर बसून होते. फार भ्यायला की तो असंच बोलतो.

मला भाषणात नाव नको होतं रे. आपली गरज संपली असं वाटलं, ते लागलं.

सोळाला सकाळी पोचते. स्टेशनवर ये, पिशव्या जड आहेत. त्याला निरोप दे की, ताई ऑपरेशनसाठी येतेय, तुझ्याशी बोलायला नाही. अगदी याच शब्दांत दे. गोड करून सांगितलास, तर घाबरेल तो.

तुम्हा दोघांचीही,

आत्या