सारवलेली भट्टी

१२ डिसेंबर, गुरुवार

सगळ्यात आधी आली शेजारची रतन. चहाला नाही — घर बघायला कोण येतंय ते बघायला! "आजी, खरंच विकणार व्हय?" म्हटलं, मी कोण विकणारी? कागद ऋषीच्या नावावर. नातू माझा. बायकोला घेऊन परत परदेशात चाललाय, आता कायमचा. मी धाकट्या लेकाकडे खराडीला, नवव्या मजल्यावर. तिथे म्हणे गीझर आहे. असू दे की! मांडीवर घेऊन बसू का गीझर?

मग आलं हिंजवडीच्या कंपनीतलं जोडपं. "ही एवढी विटांची भिंत कशाला?" ऋषीने सांगितलं, थंड देशातली भट्टी आहे. सकाळी एकदाच वाळकी बाभूळ सणसणून पेटवायची. धूर विटांच्या आतून वळसे घेत वर जातो, विटा तापतात, दिवसभर घर ऊबदार. तिकडून आल्यावर ऋषीने ती बांधली तेव्हा अख्खं गाव हसलं — पुण्यात थंडी ती केवढी! माझे गुडघे नाही हसले. पेटवते मीच. तिला लागून विटांचा ओटा आहे. भाजी निवडणं, डुलकी, हे लिहिणं — सगळं तिथेच.

"किती क्यूट!" ती पोरगी म्हणाली. आणि रुमाल नाकाला! सकाळीच शेणाने सारवली होती मी. पाहुणे येणार आणि चूल पारोशी ठेवायची? तापली तसा वास सुटला. गेले बिचारे, पाणीसुद्धा न पिता.

नातसून शेफाली तडकली. "अहो आजी, ही भट्टी बघून लोक घर घेणार, आणि तुम्ही तिला शेण फासताय?"

अस्सं! हे आधी का नाही सांगितलं?

१४ डिसेंबर

आता रोज सारवते. दोन-दोन हात.

१८ डिसेंबर, बुधवार

आणखी एक कुटुंब आलं, दारातूनच फिरलं. "फोन करतो" म्हणाले. पुण्यातलं "फोन करतो" मला चांगलं कळतं! ऋषी म्हणाला, "आजी, मुद्दाम करतेस ना?" म्हटलं, नाही रे बाळा, हाताची सवय. खोटं बोलले. काय गोड वाटलं!

२२ डिसेंबर, रविवार

आज आप्पासाहेब म्हणून कुणी आले. आपल्यातलेच, जमीन रस्त्यात गेलेली. सोबत त्यांची आई मुक्ताबाई. म्हातारी खोल्या बघेना, बाथरूम बघेना. थेट भट्टीवर हात ठेवला.

"कुणी सारवली?"

"मी."

"बोटं कशी उमटलीत बघा! घरात बाईमाणूस हाय म्हणायचं."

बसली की माझ्याशेजारी ओट्यावर! मग काय, माझं तोंड सुटलं. कुठलं लाकूड धूर करतं, धुराड्याची झडप निखारे पार विझल्यावरच कशी लावायची, गुडघ्याला शेक कुठल्या कोपऱ्यात चांगला लागतो — सगळं सांगितलं. ती विचारत होती, मी सांगत होते. किती वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.

शेफालीने चहा माझ्या हातात आणून दिला. आजपर्यंत कधी दिला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला!

२३ डिसेंबर, सोमवार

म्हातारी म्हणाली म्हणे, घ्यायचं तर हेच. ऋषी माझ्या पाया पडला — "आजी, तुझ्यामुळे झालं गं!" पौष लागायच्या आत बोलणी पक्की करायला शुक्रवारी परत येतायत.